125 सीसीवर दोघांनी मुक्तिनाथ: कर्ज काढायच्या आधी दिवस मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही हिंगोलीकडचे, जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक, 2018 ची 125 सीसी गाडी आहे, 46 हजार किलोमीटर चाललेली. दिवाळीच्या सुट्टीत 12 दिवसांत वहिनींना मागं बसवून नेपाळमधल्या मुक्तिनाथपर्यंत जाऊन यायचंय. आणि विचारलंय की ह्याच गाडीवर जमंल का, का कर्ज काढून रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 घ्यावी.

माझं नांदेडला गॅरेज आहे, 22 वर्षं झाली. मुक्तिनाथला चारदा जाऊन आलोय, त्यातलं एकदा बायकोला घेऊन, तेही 150 सीसीवर. म्हणून ऐकीव सांगत नाही, जे हातानं केलंय तेच लिहितो. थोडं लांबंल, वाचून घ्या.

आधी सरळ उत्तर. निव्वळ ह्या एका ट्रिपसाठी कर्ज काढू नका. गाडी जाईल. पण 12 दिवसांत जाऊ नका, आणि तुमच्या प्रश्नात खरी अडचण तिथंच आहे, ती तुम्ही विचारलेलीच नाही.

हिशोब करून बघा. हिंगोलीहून यवतमाळ, वर्धा करत नागपूर साधारण 300 किलोमीटर, तिथून सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि मग सोनौली बॉर्डर, हे अजून हजारच्या आसपास. म्हणजे एका बाजूनं 1300. (समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, काहीजण ते धरूनच प्लॅन करतात, म्हणून सांगितलं.) 125 वर दोघं आणि सामान घेऊन दिवसाला 325-350 च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, एखाद्या दिवशी 500 होतातही पण दुसऱ्या दिवशी कंबर आणि डोकं दोन्ही कामातून जातं. तर जायला चार दिवस, यायला चार दिवस, झाले आठ. नेपाळला उरले चार.

आता नेपाळमधलं अंतर बघितलं तर सोनौली ते पोखरा 185 आणि पोखरा ते मुक्तिनाथ 175 च्या आसपास, म्हणजे जेमतेम 360 किलोमीटर. आपल्या डोक्यात येतं की हे तर एका दिवसाचं काम, नांदेडहून नागपूरला जाऊन जेवायला बसतो आपण. पण तिकडं 360 ला चार दिवस धरायचे असतात. पहिल्या दिवशी बॉर्डरची कागदपत्रं करून बुटवलच्या वर तानसेनला मुक्काम, दुसऱ्या दिवशी स्याङ्जा करत पोखरा, तिसऱ्या दिवशी बेनीवरून तातोपानी, चौथ्या दिवशी घासा, तुकुचे करत मार्फा किंवा जोमसोम. पाचव्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ दर्शन करून परत खाली. उतरायला दोन दिवस, आणि एक दिवस रिकामा, कारण त्या रस्त्यावर दरड पडून अर्धा दिवस अडकणं ही रोजची गोष्ट आहे. आठ दिवस झाले. चार दिवसांत हे बसवायला गेलात तर तुम्ही घाई करणार, आणि त्या रस्त्यावर घाई केलेली माझ्या डोळ्यासमोर दोघांना महागात पडलीय, एकाचं मनगट गेलं आणि एकाची गाडी ट्रकमध्ये घालून पोखऱ्याला आणावी लागली.

म्हणून माझं म्हणणं असं की एकतर दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून 16 दिवस करा, नाहीतर सरळ मे महिन्याची सुट्टी धरा. शिक्षक असल्यामुळं तुमच्याकडं मे आहे, ही मोठी सोय आहे. मे मध्ये तिकडचा पाऊस सुरू झालेला नसतो, साधारण जूनच्या मध्यापासून लागतो. अडचण फक्त आपल्याकडच्या आणि यूपीच्या उन्हाची. त्याला उपाय पहाटे चारला निघायचं आणि अकरा वाजता लॉज गाठायचा, मग एका बाजूला पाच दिवस लागतील, पाच आठ पाच असे 18 दिवस. दिवाळीत आभाळ स्वच्छ असतं, धौलागिरीचा डोंगर असा समोर उभा दिसतो की गाडी थांबवून माणूस बघतच राहतो, मे मध्ये दुपारनंतर ढग येतात आणि ते सुख सकाळपुरतंच मिळतं. पण दिवाळीत त्यांचाही तिहार असतो, म्हणजे त्यांची दिवाळी, पाच दिवस, त्यात गॅरेजवाला घरी भाईटीका करत बसलेला असतो म्हणजे आपली भाऊबीजच, त्याला काही बोलता येत नाही. थंडी तर विचारूच नका, मुक्तिनाथला रात्री पाणी गोठतं.

रेल्वेनं गाडी गोरखपूरला पाठवायचं डोक्यात येईल. चांगला मार्ग आहे, काशी एक्सप्रेस, कुशीनगर एक्सप्रेस मनमाड-भुसावळवरून जातात, राप्तीसागर नागपूरवरून जाते, टाकी रिकामी करून, पोत्यात बांधून लगेजमध्ये टाकायची. पण मधल्या स्टेशनवर थांबा काही मिनिटांचा असतो आणि गाडी त्याच ट्रेनमध्ये चढंलच ह्याची खात्री नसते. दिवाळीनंतर लगेच छठ येतो, त्या काळात गोरखपूरच्या ट्रेनमध्ये माणसाला पाय ठेवायला जागा नसते तिथं मोटरसायकलचं काय. मे मध्ये जायचं असंल तर मात्र हा विचार जरूर करा, बरेच दिवस वाचतात.

आता गाडीकडं येऊ. हिमालयन 450 उत्तम गाडी आहे, चढाला मस्त ओढते. पण तिचं वजन 196 किलो आहे आणि तुमच्या गाडीचं 120 च्या आसपास. घासाच्या अलीकडं रस्त्यावरून नाले वाहतात, खाली गोटे असतात डोक्याएवढे, तिथं गाडी आडवी झाली की तुमची गाडी तुम्ही आणि वहिनी मिळून उभी कराल, 196 किलोची सामानासकट त्या पाण्यात उभी करायला तिसरा माणूस लागतो. आणि नवीन वजनदार गाडीची सवय व्हायला मला स्वतःला तीन-चार हजार किलोमीटर लागले. घ्यायचीच असंल तर पुढच्या वर्षीसाठी घ्या आणि वर्षभर इकडं चालवा. ऑनरोड तीन लाखांच्या पुढं जाते, तो हप्ता झेपतो का ते तुम्हीच ठरवायचं, मी त्यात बोलणार नाही.

तुमच्या गाडीची खरी परीक्षा कागबेनीच्या पुढं आहे. कागबेनी 2800 मीटरवर आणि गाड्या जिथपर्यंत जातात ते रानीपौवा 3700 वर, म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये 900 मीटर चढ. आपलं कळसूबाई 1646 मीटर आहे, त्याच्या दुपटीहून वर जाताय तुम्ही. 3700 मीटरवर हवेचा दाब खालच्या मानानं 64 टक्क्यांच्या आसपास राहतो, हवा विरळ म्हणजे इंजिनला ऑक्सिजन कमी, 11 हॉर्सपॉवरची गाडी तिथं सातची होते. शिवाय 2018 ची म्हणजे बीएस 4, प्रदूषणाच्या जुन्या नियमातली, तुमच्या गाडीला कार्बोरेटर असणार, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून पेट्रोल आपोआप कमी करते, कार्बोरेटरला ते कळत नाही, तो खालच्यासारखंच पेट्रोल सोडत राहतो, मग गाडी घुटमळते, प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून धूर येतो. घाबरू नका, बिघाड नसतो. प्लग साफ करायचा, कार्बोरेटरचा एअर स्क्रू थोडा मोकळा करायचा, आणि एअर फिल्टर आधीच नवीन टाकून न्यायचा. काहीजण फिल्टर काढूनच चालवतात जास्त हवा मिळावी म्हणून, ते करू नका, तिथल्या काली गंडकी नदीच्या पात्रातली रेती पीठासारखी बारीक आहे, सिलेंडर खाऊन टाकंल.

आणि एक काम निघायच्या आधी करा, खर्च फार नाही. चेनचं पुढचं छोटं सॉकेट, म्हणजे इंजिनजवळचं दातेरी चाक (स्प्रॉकेट), एका दातानं कमी करा, 14 चं असंल तर 13. टॉप स्पीड थोडा कमी होईल, हायवेवर इंजिन जरा जास्त ओरडंल, पण पहिल्या गिअरमध्ये जो जोर मिळतो तो तिथं लाखमोलाचा आहे. बायकोला घेऊन गेलो तेव्हा मी हेच केलं होतं. तरी रानीपौव्याच्या अलीकडं झारकोटच्या वळणांवर तिला दोन ठिकाणी उतरून चालावं लागलं, शंभर-दीडशे पावलं. तुमच्याकडं पाच-सहा ठिकाणी तसं होईल. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, तिथं गेल्यावर सांगितलं की भांडण होतं.

पण चढाची मला तेवढी काळजी नाही. गाडी चढली नाही तर थांबते, एवढंच होतं. माझी काळजी उताराची आहे, आणि ही गोष्ट मला आपल्या मराठवाड्याच्या माणसाला खास सांगायचीय, कारण आपण सपाट रानात गाडी शिकलेली माणसं. थोडासा उतार आला की न्यूट्रल करायची, कोणी कोणी तर पेट्रोल वाचावं म्हणून चावीच बंद करतं. ही सवय हातात इतकी मुरलेली असते की आपण ते करतोय हेही कळत नाही.

2017 ची गोष्ट. मार्फ्याहून सकाळी निघालो होतो, घासा सोडून तातोपानीकडं उतरत होतो. घासा 2000 मीटरवर आणि तातोपानी 1200 च्या खाली, सगळा उतार, खडी आणि धूळ. बायको मागं, दोन बॅगा, मी तिसऱ्या गिअरमध्ये आणि उजवा पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या-पाऊण तासानंतर जळका वास यायला लागला. मला वाटलं समोरच्या ट्रकचा असंल. मग एका वळणाच्या आधी पेडल दाबलं तर ते मऊ खाली गेलं, पकडच नाही. पुढचा डिस्क दाबला तर खडीवर चाक घसरायला लागलं. डाव्या हाताला डोंगर होता म्हणून वाचलो, गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली आणि दोघं तिथंच आडवे झालो. लागलं काही नाही. उठून बाटलीतलं थोडं पाणी मागच्या ड्रमजवळ शिंपडलं तर ते तव्यावर पडल्यासारखं चर्र करून उडून गेलं. ब्रेकचा लायनर तापून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. थोडं खाली एका दिदीचं चहाचं दुकान होतं, तिथं पाऊण तास बसलो, बायको एक शब्द बोलली नाही. निघताना ती दिदी म्हणाली, "बिस्तारै जानुस् है." सावकाश जा. तिथून बेनीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आलो, 12-15 च्या स्पीडनं, आणि ब्रेकला नुसता पाय लावायची गरज पडत होती.

म्हणजे करायचं काय, तर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ॲक्सिलरेटर सोडायचा, क्लच सोडलेला ठेवायचा आणि इंजिनलाच गाडी धरू द्यायची, आवाज वाढतो पण इंजिनला काही होत नाही. ब्रेक सारखा दाबून ठेवायचा नाही, वळणाच्या आधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे थंड व्हायला वेळ मिळतो. दर अर्ध्या तासानं दहा मिनिटं थांबा, वहिनींचेही पाय मोकळे होतील. निघायच्या आधी मागचे लायनर नवीन, डिस्कचे पॅड नवीन, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तसं जुनं ऑइल तापलं की उकळतं, लिव्हर मऊ पडतो. 46 हजार चाललेल्या गाडीत ते एकदाही बदललेलं नसतं, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांचा हाच अनुभव आहे.

वाऱ्याचं पण ध्यानात ठेवा. जोमसोमच्या खोऱ्यात सकाळी दहा-अकरापासून दक्षिणेकडून वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत, म्हणूनच तिथली विमानं सकाळीच उडतात. एका बाजूला धौलागिरी 8167 मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा 8091, मधल्या फटीतून तो वारा घुसतो. जाताना पाठीवर असतो म्हणून कळत नाही, परतताना तोंडावर, रेतीसकट. मार्फ्याहून पहाटे निघा, दर्शन घ्या आणि शक्य तेवढं लवकर जोमसोमच्या खाली या. हेल्मेटला काच पाहिजेच, गॉगलनं भागत नाही.

मुक्काम मार्फा-जोमसोमलाच करा, 2700 मीटरच्या आसपास. वर रानीपौव्यात झोपायचा हट्ट करू नका, विशेषतः पहिल्या रात्री. पोखरा 800 मीटरवर आहे, तिथून काहीजण एका दिवसात वर जातात आणि रात्रभर डोकं धरून ओकत बसतात. विरळ हवेचा त्रास अडीच हजार मीटरच्या पुढं कोणालाही होऊ शकतो, तरणाताठा असो नाहीतर म्हातारा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही झालं आणि थांबून बरं वाटत नसंल तर औषध शोधत बसण्यापेक्षा खाली उतरायचं, पाचशे मीटर उतरलं तरी फरक पडतो. ह्या त्रासावर काहीजण घेतात ती डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला ती चालत नाही. आणि गाड्या लावल्यावर मंदिरापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चढ आहे. तिथल्या 108 धारांखालून ओलं व्हायचं असंल तर टॉवेल आणि कोरडे कपडे वर घेऊन जा, ओल्या अंगानं खाली येऊन गाडीवर बसू नका.

दिवाळीलाच जायचं पक्कं केलंत तर बंगालच्या उपसागरातल्या वादळाची बातमी बघत रहा. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत मुक्तिनाथच्या वरच्या थोरोंग ला खिंडीत आणि आसपासच्या डोंगरांत एवढा बर्फ पडला की चाळीसपेक्षा जास्त माणसं गेली. आंध्रात वादळ आलं की आपल्याला वाटतं नांदेडला दोन दिवस पाऊस, बस. तसं वादळ वर सरकत असंल तर पोखऱ्यातच थांबा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदान कार्ड न्या, नुसत्या आधारवर विसंबू नका. आरसी तुमच्याच नावावर असंल तर उत्तम. सोनौली ओलांडली की बेलहियाला गाडीचा भन्सार, म्हणजे नेपाळच्या कस्टमचा कर, भरावा लागतो, तो दिवसाच्या हिशोबानं असतो, तर ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्तीचे भरा, दरडीत अडकलात आणि तारीख उलटली तर परतताना दंड बसतो. इन्शुरन्स आपला फक्त भारतापुरता असतो, कंपनीला सांगून नेपाळपर्यंत वाढवून घेता येतो, थोडा प्रीमियम लागतो, पण हे काम निघायच्या महिनाभर आधी करा. पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट काढायचं, आपल्याला म्हणजे सार्क देशवाल्यांना हजार नेपाळी रुपये. 100 भारतीय म्हणजे 160 नेपाळी, हा दर ठरलेला आहे. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, म्हणून शंभराच्याच नोटा जास्त ठेवा. कागबेनीहून उत्तरेला लो मान्थांगकडं जो रस्ता फुटतो तिकडं वेगळं आणि महाग परमिट लागतं, "थोडं पुढं जाऊन बघू" म्हणून तिकडं वळू नका.

सुटं सामान फार नेऊ नका. क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, एक प्लग, दोन ट्यूब, चेनचं लॉक, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, आणि चेनचं तेल दर 500 किलोमीटरला. क्लच वायर तर जुन्या वायरच्या शेजारीच टेपनं बांधून न्या, तुटली की दहा मिनिटांत बदलून होते. बाकी पोखरा आणि बेनीला सगळं मिळतं, आपल्याच कंपन्यांच्या गाड्या आहेत तिकडं. सामान मागच्या कॅरियरवर उंच रचू नका, वजन दोन्ही बाजूंना खाली लटकवा, पुढचं चाक चढावर हलकं होता कामा नये.

समोरून बस आली की बेनीच्या पुढच्या रस्त्यावर तुम्ही डोंगराच्या बाजूला थांबा, मग ती तुमची चुकीची बाजू असली तरी. ड्रायव्हरला हातानं खूण करा, ते समजून घेतात, चांगली माणसं आहेत. नदीच्या कडेची माती वरून पक्की दिसते आणि खालून पोकळ असते. खेचरांचा तांडा आला तरी तसंच, इंजिन बंद करून डोंगराला चिकटून उभं रहायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

आता एक काम करा. लायनर बदलून घ्या, आणि एखाद्या रविवारी वहिनींना मागं बसवून, दोन्ही बॅगा पूर्ण भरून माहूरगडाचा घाट चढून उतरा, रेणुकामातेचं दर्शनही होईल. उतरताना पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. खाली आल्यावर मागच्या ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाका. नुसते ओघळले का चर्र झालं, आणि वहिनी काय म्हणाल्या, हे दोन्ही इथं लिहा. त्याच्यावरून सांगतो मे मध्ये निघायचं का अजून दोन-चार घाट करायचे ते.